जाहिरातबंदी सरसकट नाही, पण अडचण वेगळीच

"सीएंना (सनदी लेखापालांना) जाहिरातच करता येत नाही" असं अनेकदा म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं कलम 6 काम मागत फिरण्यावर बंदी घालतं, तर कलम 7 जाहिरातीवर. पण 2006 च्या दुरुस्तीनंतर सीएंच्या नियामक संस्थेने (आयसीएआय) घातलेल्या चौकटीत राहून सेवांची माहिती छापता येते. 2008 च्या सूचनांमध्ये तर अक्षरांचा फाँट 14 आकारापेक्षा मोठा नको इथपर्यंत बारकावे होते! वेबसाइटही चालते; जुन्या नियमांत अट एवढीच होती की लोकांनी ती शोधत यावं, आपण त्यांच्या गळ्यात मारू नये.

काम मागण्यावरची बंदी मला मनापासून पटते. ज्याच्या हिशेबावर उद्या प्रतिकूल शेरा मारावा लागेल, त्याच्याच दारात आज कामासाठी उभं राहायचं कसं?

खुपतं ते दुसरंच. जुलैत "499 रुपयांत रिटर्न" असे मेसेज येतात, ते पाठवणारा बहुधा सीए नसतो. प्राप्तिकराचं रिटर्न भरायला सीए लागत नाही, त्यामुळे त्याला हे नियम लागूच नाहीत. आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय नावांच्या सल्लागार कंपन्या विमानतळांवर झळकतात. सांगली-लातूरला नुकतं ऑफिस उघडलेल्या मुलीने मात्र पाटीच्या आकाराचीही काळजी करायची. सुधारणा व्हायला हवी ती इथे.