मदत हवी आहे: पॅट्रिक व्हाइट कुठून सुरू करू?
मंडळी, ऑस्ट्रेलियन लेखक पॅट्रिक व्हाइटची 'वॉस' ही कादंबरी वाचायला घेतलीये आणि पन्नासाव्या पानावर गाडी अडकलीये, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतंय. माणूस मात्र भारी, १९७३ला नोबेल मिळालं तर स्वतः गेलाच नाही, चित्रकार मित्र सिडनी नोलनला पाठवलं आणि बक्षिसाच्या पैशातून दुर्लक्षित लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला! त्याआधी बरीच वर्षं सिडनी शहराजवळ कॅसल हिलला शेतावर राहून, कुत्री पाळत, भाजी पिकवत लिहायचा. तर 'वॉस' अशीच रेटू का आधी 'द ट्री ऑफ मॅन' घेऊ? का सरळ 'फ्लॉज इन द ग्लास' हे आत्मचरित्रच? त्याचं मराठीत काही आलंय का? प्लीज सांगा, लायब्ररीचं पुस्तक शनिवारी परत करायचंय.