मदत हवी आहे : गोड गोड पऱ्या नकोत, खऱ्या भीतिदायक हव्यात

‘टॅम लिन’ हे स्कॉटलंडचं जुनं लोकगीत वाचल्यापासून डोकं तिथंच अडकलंय. परीराज्य दर सात वर्षांनी नरकाला एक जीव देतं, आणि यंदा पाळी पऱ्यांच्या कैदेतल्या टॅम लिन या तरुणाची! हॅलोविनच्या रात्री त्याची प्रेयसी जॅनेट त्याला घोड्यावरून खाली ओढते. मिठीत तो साप होतो, सिंह होतो, तापलेलं लोखंड होतो, तरी ती सोडत नाही.

किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांत असं प्रेम शोधतेय. मिळतात ते टोकदार कानांचे देखणे राजपुत्र, आणि क्रूरपणा म्हणजे नुसता तुसडेपणा. (लोककथांतल्या पऱ्यांना असते ती लोखंडाची भीती तर लेखक तिसऱ्या प्रकरणातच विसरतात.) खोटं न बोलता शब्दांत अडकवणाऱ्या पऱ्या, स्वतः निर्णय घेणारी नायिका, असं काही वाचलंय का कुणी? पंधरा वर्षांच्या भाचीलाही द्यायचंय. एकाच भागात संपणारं असेल तर दुधात साखर.