'सेट' मागे पडला, आता 'रन'

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ 'सेट' (set) या शब्दाचे, असं म्हटलं जातं. ती जुनी गोष्ट झाली. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी कोशकार पीटर गिलिव्हर महिनोन्‌महिने 'रन' (run) या शब्दामागे बसले होते, आणि नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले! यंत्रयुगाचा यात मोठा हात. गिरणी, इंजिन, पुढे कॉम्प्युटरचा प्रोग्राम, सगळं 'रन' होऊ लागलं.

मराठीत मात्र 'धावणं' आपण यातल्या फार थोड्या अर्थांना दिलंय. ठाणे-वाशी लोकल धावते, पण पंखा चालतो, नळ वाहतो, नाक गळतं, कपड्याचा रंग जातो आणि दुकान आपण चालवतो. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो. आपला मात्र उभा राहतो, ब्रिटिशांसारखा. (निवडून आल्यावर बसतो, ते सोडा.)

क्रिकेटमध्ये तर कमालच. फलंदाजाने चौकार मारला, जागचा हललाही नाही, तरी मराठी समालोचनात 'चार धावा'. ठाण्याच्या मैदानावरची पोरं मात्र सरळ 'रन काढ रे' म्हणतात, 'धाव काढ' म्हणणारा एकही सापडायचा नाही.

आता 'रन ड्राय'ला कुणी नेमका प्रतिशब्द सुचवेल का? 'आटणं' विहिरीला चालतं, पेनातल्या शाईला नाही.