रक्त दिले, रिपोर्ट कुठे? मधुमेहाचे जनुकीय संशोधन आणि आपली गावे

आबोली (फोंडा तालुका, गोवा)

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावर देवळाच्या मंडपात शिबिर भरले होते. 'मधुमेहाचे जनुकीय संशोधन' असा फलक लावला होता. आई तेव्हा ६३ वर्षांची, साखरेच्या गोळ्या सुरू होऊन चौदा वर्षे झालेली. आदल्या रात्रीपासून उपाशी राहून सकाळी सातला ती रांगेत बसली. दोन नळ्या रक्त दिले आणि चार पानी इंग्रजी कागदावर सही केली. कागदात काय लिहिले आहे असे मी विचारले, तर 'नेहमीचेच असते' एवढेच उत्तर मिळाले. निघताना चहा, बिस्किटे आणि एक कापडी पिशवी हातात दिली. रिपोर्ट कळवू म्हणाले. आजपर्यंत काही आलेले नाही, आणि दिलेला फोन क्रमांक बंद आहे.

त्यानंतर पाच महिन्यांनी आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम सापडली. सापडली म्हणते, कारण साखरेने पाय बधीर झाल्यामुळे तिला दुखतच नव्हते. चपलेत चिऱ्याचा खडा रुतला होता आणि तीच चप्पल घालून ती दिवसभर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वावरली होती. संध्याकाळी पायपुसण्यावर डाग दिसला म्हणून मला कळले. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सतरा दिवस काढले, बोट वाचले.

ज्या सकाळी तिचे रक्त घेतले, त्याच सकाळी कोणी तिचे पाऊल हातात घेऊन पाहिले असते तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

संशोधक आपल्याकडे का येतात ते मला समजते. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले. देशातल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. चार माणसांत एक. आपल्या जेवणाच्या पंगतीत बसून मोजा, आकडा पटेल.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. संमतीचा कागद मराठीत किंवा कोंकणीत हवा. साध्या तपासण्यांचा रिपोर्ट ठरलेल्या दिवसांत घरी यायला हवा. आणि ज्याला आधीच मधुमेह आहे त्याचे पाय त्याच दिवशी तपासले पाहिजेत. हे लेखी मिळेपर्यंत गावाने अशा कोणत्याही संशोधनाला रक्त देऊ नये.

खाजन

आबोलीताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटले. मी स्वतः प्रयोगशाळेत याच विषयावर काम करतो (ते शिबिर आमचे नव्हते), तरीही तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

'रक्त देऊ नये' म्हणजे काय होते ते पाहा. जगात रोगांचा जनुकांशी संबंध शोधणारे जे मोठे अभ्यास झाले, त्यांतली सुमारे ७९ टक्के माणसे युरोपीय वंशाची होती. त्यांच्यावरून बेतलेले धोक्याचे गुणांक (कोणाला रोग होण्याची शक्यता किती ते सांगणारे आकडे) आपल्याला नीट लागू पडत नाहीत. दुसऱ्याच्या मापाचे झंपर आपल्या अंगावर चढवल्यासारखे होते. आपले नमुने कमी, म्हणून आपल्याबद्दलचे अंदाज कच्चे, आणि उपचारही कच्च्या अंदाजावर.

आपले शरीर वेगळे आहे हेही संशोधनातूनच कळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के. 'मी तर सडपातळ, मला कसा होईल मधुमेह' या आपल्या घरोघरीच्या समजुतीला यातून उत्तर मिळाले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालला नसता, तर आपली बाळे वजनाला कमी पण चरबीला जास्त असतात हे कोणी सांगितले असते?

जनुकांच्या रिपोर्टचे म्हणाल, तर तो मुद्दाम देत नाहीत. टीसीएफ७एल२ हे जनुक २००६ मध्ये पुढे आले, टाइप-२ म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाशी त्याचा संबंध भक्कम आहे. तरी त्याची धोक्याची एक प्रत असेल (प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून) तर धोका दीडपटीच्या आतच वाढतो. हे कळून आईंची कोणती गोळी बदलली असती? कोणतीही नाही.

सुरंगी

मी सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा साखरेच्या रुग्णांची ओपीडी असते.

पाय बधीर झालाय का ते तपासायला काय लागते ते सांगते. नायलॉनचा एक जाडसर दोरा, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, तळव्याला ठरावीक ठिकाणी दोरा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि लागले की सांगा म्हणायचे. मध्येच दोरा न टेकवता थांबायचे, कारण काहीजण न टेकवताही 'लागता' म्हणतात. त्यांना कळत नाही असे नव्हे, त्यांना भीती असते की 'नाही' म्हटले तर पाय कापतील. मागच्या महिन्यात एका खाण कामगार आजोबांनी असे चार वेळा 'लागता' म्हटले. मी दोरा त्यांच्या हातात दिला आणि म्हटले, आता तुम्हीच बघा. मग ते गप्प झाले.

खाजन, तुमचे संशोधन चालू दे. पण माझ्याकडे हा दोरा मी माझ्या पैशांनी आणलाय. जनुकांच्या एका नमुन्याला किती खर्च येतो ते तुम्हाला ठाऊक. मला जनुके न बघताही धोका कोणाला हे ओपीडीच्या दारात बसून सांगता येते. आईवडिलांना साखर, पोट सुटलेले, दुपारी हुमणाबरोबर (माशांच्या कालवणाबरोबर) भाताचा डोंगर, मग झोप.

आणि काय केल्याने फरक पडतो हेही माहीत आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये दाखवले की मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांनी खाणे आणि चालणे सुधारले तर तीन वर्षांत धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. पुढे २०१३ मध्ये त्यांनी अशाच नोकरदार पुरुषांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना. नुसते संदेश! कोणाचे जनुक तपासावे लागले नाही.

मांडवीकाठ

ताई, तुमचे काम मोठे आहे, पण 'जनुके न बघताही' हे सगळ्यांना लागू नाही. माझा भाचा अडीच महिन्यांचा होता तेव्हा त्याची साखर मशीनवर मोजता येईना इतकी चढली. टाइप-१ (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) म्हणून इन्सुलिन सुरू झाले. एवढ्याशा मांडीवर दिवसाला चार सुया. बहीण सुई टोचायची आणि भावोजी त्याचा पाय धरायचे, मग दोघेही वेगवेगळ्या खोलीत जाऊन बसायचे.

एका डॉक्टरांनी सांगितले की सहा महिन्यांच्या आत झालेला मधुमेह बहुधा टाइप-१ नसतोच, एकाच जनुकातल्या बिघाडाचा असू शकतो. रक्त चेन्नईला पाठवले. केसीएनजे११ जनुकात बदल निघाला. त्या बिघाडात स्वादुपिंड इन्सुलिन बनवते पण बाहेर सोडत नाही, आणि सल्फोनिलयुरिया गटाची जुनी, स्वस्त गोळी ते दार उघडते. रुग्णालयात ठेवून हळूहळू सुया कमी केल्या. आता तो सहा वर्षांचा आहे आणि गोळ्यांवर आहे. या जनुकातल्या बिघाडाने असा मधुमेह होतो हे २००४ साली कळले ते कोणीतरी रक्त दिले म्हणूनच ना? त्या बाळांच्या आईबापांना तेव्हा काय मिळाले होते?

तेरेखोल

मी तर म्हणतो, रिपोर्ट घरपोच दिला तरी देऊ नका.

जनुकांची माहिती एकदा बाहेर गेली की परत येत नाही, आणि ती एकट्याची नसते. मी दिली म्हणजे माझ्या मुलीचीही अर्धी दिली. तिला कोणी विचारले? उद्या विमा कंपनीने मागितली तर? दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये असेच प्रकरण आले होते. हृदयाच्या स्नायूंच्या आजाराचा दावा 'जनुकीय विकार' म्हणून नाकारला होता. न्यायालयाने अशी सरसकट अट चुकीची ठरवली, चांगले झाले. पण त्यासाठी एका रुग्णाला कोर्टाची पायरी चढावी लागली. अमेरिकेत जनुकांवरून भेदभाव करू नये असा कायदा २००८ पासून आहे, तोही आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदाच नाही. आधी तो करा.

खाजन

तेरेखोल, कायदा हवा, शंभर टक्के. पण कायदा होईपर्यंत संशोधन थांबवायचे तर मांडवीकाठ यांच्या भाच्याने आणखी किती वर्षे सुया घ्यायच्या होत्या?

सुरंगीताई, तुम्ही चेन्नईचे आकडे दिलेत त्यांत थोडी भर घालतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात टीसीएफ७एल२ च्या धोक्याच्या दोन्ही प्रती असलेली माणसे वेगळी काढून पाहिली. साधी काळजी घेणाऱ्या गटात त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. आहार-व्यायामाच्या गटात तो फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे 'घराण्यातच आहे, काय करणार' म्हणून जो भाताचे ताट पुढे ओढतो, त्याला देण्यासाठी यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही. आणि हे उत्तर जनुके तपासल्यावरच मिळाले.

सुरंगी

हे मात्र मला ठाऊक नव्हते. उद्यापासून ओपीडीत सांगणार. आमच्याकडे निम्मी माणसे 'बापायक आशिल्ली, म्हाकाय आसा' एवढे म्हणून विषय संपवतात. बापाकडून जनुक आले तसे भाताचे मापही आले, हे त्यांना कोण सांगणार? माप तरी बदलता येते.

पण दोऱ्याचे काय ते तुम्ही बोलला नाहीत.

आबोली

सगळ्यांचे वाचले, दोनदा वाचले.

मांडवीकाठ, तुमच्या भाच्याचे वाचून माझे 'रक्त देऊ नये' हे वाक्य मी मागे घेते. तेरेखोल, तुमची भीती खरी आहे पण तुमच्या वाटेने मी येणार नाही. आई स्वतः म्हणते, पुन्हा कोणी आले तर मी देईन, दुसऱ्या कोणाचे तरी भले होईल. ती असे म्हणते म्हणूनच मला जास्त राग येतो. इतक्या मोकळ्या मनाने देणाऱ्या माणसाला साधा साखरेचा आकडा कळवता येत नाही?

खाजन, जनुकांचा रिपोर्ट मी मागतच नाही. तो देऊन उपयोग नाही हे तुम्ही नीट समजावलेत. पण त्या दोन नळ्यांतून उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते ते दाखवणारा आकडा) हे निघालेच असणार. ते आकडे कुठल्यातरी संगणकात आज पडून आहेत. आईचा क्रिएटिनिन तेव्हाच वाढलेला होता की जखमेच्या औषधांनंतर वाढला, हे आज बांबोळीचे डॉक्टर मला विचारतात आणि मी काय सांगू?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाला कळेल अशा भाषेत माहिती द्यावी असे लिहिले आहे. मी नवीन काही मागत नाही. आणि पुण्याचे उदाहरण तुम्हीच दिलेत. त्या सहा खेड्यांतल्या मुलांचा पाठपुरावा दोन दशकांहून जास्त काळ झाला. ते लोक गावात परत परत गेले. आमच्याकडे एक सकाळ आले आणि गेले.

खाजन

क्रिएटिनिनच्या मुद्द्यावर माझ्याकडे बचाव नाही. ते आकडे तुम्हाला मिळायलाच हवे होते. अडचण सांगतो, सबब म्हणून नव्हे. प्रकल्पाचा खर्च मांडताना नळ्या, रसायने, संगणक, पगार सगळे लिहिले जाते. रिपोर्ट छापून घरोघरी पोचवणारा माणूस त्यात कोणी लिहीत नाही. मग प्रकल्प संपतो, क्रमांक बंद होतो. आमच्या पुढच्या अर्जात तो माणूस आणि सुरंगीताईंचा दोरा, दोन्ही खर्चात घालायचे मी उद्याच बैठकीत मांडतो. मान्य होईलच असे वचन देत नाही.

एक मात्र सांगतो. पायाची तपासणी संशोधकांनीच करावी हे मला अजून पटत नाही. आम्ही एका दिवसापुरते येतो. बधीर पाय सापडला तर पुढे कोण बघणार? ते काम आरोग्य केंद्राचेच.

सुरंगी

पुढे मी बघेन. तुम्ही सापडवून फक्त नाव आणि वाडा कळवा. एवढे तरी एका दिवसात होते.

आबोली

चवथीनंतर पंचायतीत पुन्हा एका शिबिराची परवानगी मागायला लोक येणार आहेत असे कळले आहे. त्यांना द्यायचे पत्र मी मराठीत लिहायला घेतले आहे. सुरंगीताई, तुमचे हे वाक्य त्यात घालते. तुमचा दोरा किती रुपयांना मिळतो तेही सांगा, म्हणजे आकड्यासकट मागता येईल.

सुरंगी

किंमत शोधून कळवते. पण ताई, एक विचारायचे राहिले. जखम उजव्या पायाची होती. डाव्या पायाला दोरा लावून कोणी बघितला का? उजवा बधीर असेल तर डावाही बहुधा असतो, आणि सगळ्यांचे लक्ष जखमेकडे असते म्हणून तो तसाच राहतो.

आबोली

नाही. कोणीच नाही. आत्ता उठून बघितले, टाचेला भेग आहे, आईला माहीत नव्हते. उद्या सकाळीच आमच्या केंद्रावर घेऊन जाते.