इंदूर, ग्वाल्हेर की बडोदा? थंडी बघून घर ठरवायचंय

सदाशिवपेठी: आई ६८, बाबा ७२. आईला संधिवात, बाबांना दमा. नातेवाईक तिन्ही गावांत आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. फक्त हवा बघून कुठलं गाव निवडावं? आधी भाड्याने, जमलं तर विकत.

लष्करवाला: नुसतं किमान तापमान बघून ठरवू नका. ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटेचे ५-६ अंश अंगवळणी पडतात, जड जातो तो दिवस. पाऊस शिंपडून ढग गेले की जमीन ओली, आकाश मोकळं आणि वारा पडलेला. मग धुकं धरतं ते कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही. ऊनच नाही म्हटल्यावर कमाल तापमान १५च्या खाली राहतं आणि दगडी फरशी दिवसभर बर्फासारखी. त्याच थांबलेल्या हवेत शेकोट्यांचा धूर खाली साचतो, म्हणून बाबांचं फिरणं अकरानंतरच.

तरी इकडे यायचंच ठरलं तर वायरिंग आधी बघा. २००० वॉटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या प्लगला लावला की सॉकेट वितळतं, १६चा पॉइंट हवाच. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रामबाग_इंदूर: माझं मत इंदूर. साधारण ५५० मीटर उंची, थंडी कोरडी. पहाटे १०च्या आसपास, लाट आली तर ५-६, पण दुपारी २५-२६ आणि स्वच्छ ऊन. मे महिन्यात दुपार तापते, रात्री मात्र वारा सुटतो. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ते उगीच नाही.

पण घर चुकलं तर इंदूरचं ऊन काही कामाचं नाही. डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४४ अंशांवर असतो. समोर १२ मीटर उंच इमारत असेल तर तिची सावली साडेबारा मीटर पडते. मधली गल्ली ६ मीटरची असेल तर तुमचा तळमजला आणि पहिला मजला दोन्ही सावलीत. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा हे कळतच नाही. घर डिसेंबरातच बघा, दुपारी बारा ते एक.

दांडियाबाजार: नुसती थंडीच बघायची तर बडोदा सगळ्यात सौम्य. जानेवारीत पहाटे १२-१३, दुपारी २८-२९, हीटर लागतच नाही. त्याची किंमत जूनमध्ये मोजावी लागते: हवेत दमटपणा चढला की कूलर नुसता ओला वारा फेकतो, एसी घ्यावाच लागतो. आणि विश्वामित्री नदीजवळ तळमजला नको. ऑगस्ट २०२४च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. विजेचा मीटर किती उंचीवर बसवलाय तेही बघा.

सदाशिवपेठी: इंदूर, दक्षिणेकडची गॅलरी, दुसरा मजला. भाडेकरार कधीपासून करू?

रामबाग_इंदूर: १ नोव्हेंबरपासून, ११ महिन्यांचा. सप्टेंबरअखेर संपतो, तोवर थंडी, उन्हाळा, पावसातली ओल सगळं बघून होतं. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट आहे ना, ते मात्र आधी विचारा.