शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी व्हायोलिन, बजेट ५ हजार (नागपूर)

सईची_आई: नमस्कार. मुलगी सहावीत आहे. शाळेत यंदा ऑर्केस्ट्रा सुरू होतोय, तारांचं वाद्य शिकवणार आहेत. आम्ही प्रतापनगरला राहतो. ५ हजारांत व्हायोलिन मिळेल का? साइज कोणती घ्यावी? घरात संगीतातलं कुणालाच कळत नाही.

धरमपेठकर: ताई, ५ हजारांत काही खरं नाही. लेकासाठी मी १८ हजारांचं घेतलं, आजही तार ताणायची एक खुंटी सैल पडत नाही. पैसे जमवा, पण भारीच घ्या. आणि फुल साइजच घ्या, पोरं भराभर वाढतात.

ऑरेंज_सिटी_७१: ऑनलाइन नका घेऊ बाप्पा! पुतणीचं आलं तेव्हा घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, आडवी आणि साउंडपोस्ट, म्हणजे आतला लाकडी खांब, पोटात खुळखुळत होता. तो चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानं उभा राहतो. म्हणून तारा बदलायच्या तर एकेकच बदला. बसवून देणारा माणूस शोधता शोधता दिवाळी उजाडली आमची.

निवृत्त_मास्तर: फुल साइज मुळीच नको. मुलीला डावा हात सरळ लांब करायला सांगा, मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. २३ इंच किंवा जास्त भरलं तर फुल, २२ च्या आसपास असेल तर थ्री-फोर्थ, म्हणजे पाऊण मापाचं. मोठ्या वाद्यावर बोटं ताणावी लागतात, मनगट वाकतं, आणि ती सवय पुढे सुटत नाही.

धरमपेठकर: आमचा फुलवरच शिकला. काही वाकलं नाही.

यमनप्रेमी: ऑर्केस्ट्रा कशाला? बैठकीचं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवा. एन. राजम यांचं गायकी अंगाचं वादन ऐकवा मुलीला, व्हायोलिन गातं म्हणजे काय ते कळेल.

निवृत्त_मास्तर: ऐकवाच, पण शाळेत ते लागू पडणार नाही. आपल्याकडे तारा सा-पामध्ये गायकीला सोयीच्या पट्टीत लावतात. ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य स्वरांतच हव्यात, ए म्हणजे ४४० हर्ट्झ. शेजारच्याशी सूर जुळला नाही तर कितीही गोड वाजवलं तरी बेसूरच.

मानेवाडा_कट्टा: साइज महत्त्वाची आहे. हात मोजूनच घ्या.

ऑरेंज_सिटी_७१: आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका. चांगल्या वाद्याचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, आपल्या उन्हात सुटतात. कूलरसमोर तर बिलकुल नाही. दमट हवेनं लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. वाजवून झालं की तारांवर फिरवायच्या गजाचे केस सैल करा.

यमनप्रेमी: शेवटी गुरू महत्त्वाचा.

सईची_आई: सगळ्यांचे आभार. मास्तर, हात मोजला, २२ भरला. पण आज शाळेत सईनं सगळी वाद्यं हाताळली आणि चेलोवर, म्हणजे बसून वाजवायच्या व्हायोलिनसारख्याच मोठ्या वाद्यावर, अडून बसली. तो खर्जातला आवाज तिला फार आवडलाय. शाळेकडे लहान मापाचा चेलो आहे, तो तिथेच राहील. म्हणजे व्हायोलिन घेतच नाही. घरच्या जुन्या कीबोर्डवर ती बास क्लेफमधले, म्हणजे खालच्या स्वरांच्या लिपीतले, स्वर वाचून वाजवेल.

धरमपेठकर: घरी वाद्यच नाही तर रियाज कसला? पस्तावाल.

निवृत्त_मास्तर: खुशाल घेऊ द्या चेलो. मुलं सहसा व्हायोलिनकडे धावतात, चेलोवाले कमीच पडतात. तारा सी, जी, डी, ए. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं वाजवू देतील का, तेवढं शाळेला विचारा.

सईची_आई: विचारते. खालचा दांडा फरशीवर घसरतो म्हणाली, त्याला काय करतात?

निवृत्त_मास्तर: पट्टा मिळतो. एक टोक खुर्चीच्या पायात अडकवायचं, दुसऱ्यात दांड्याचं टोक रोवायचं.