उपकेंद्राच्या गावांतल्या मृत्यूंची कारणं आणि कल: नौरूएवढ्या देशाला जमतं, ते आपल्याला कसं जमवायचं?

मोहफूल

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राखालच्या चार गावांची मृत्यूंची यादी करून राहिलो आहोत. लोकसंख्या पाच हजारांच्या आतबाहेर. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात कारण म्हणून तीनच शब्द फिरतात: म्हातारपण, हार्ट अटॅक, आजारपण. ग्रामसभेत मात्र लोक विचारतात की किडनीचे, शुगरचे, तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू वाढले का. उत्तर द्यायला हातात काही नाही.

पॅसिफिकमधला नौरू हा देश २१ चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या बारा-तेरा हजार, म्हणजे आपल्या एका पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) निम्मीही नाही. तरी तिथल्या मृत्यूंचे दशकानुदशकांचे कल अभ्यासले गेले आहेत. एवढ्या कमी आकड्यांवर ते कसं करतात? घरी वारलेल्याचं कारण कसं ठरवायचं? एका वर्षावरून काही म्हणता येतं का? आणि जे नागपूर-सेवाग्रामला नेल्यावर तिथेच वारले, त्यांचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

टिपवही

शेवटच्या प्रश्नापासून धरा, कारण सगळ्यात मोठं भोक तिथेच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत्यू जिथे घडला तिथे नोंदला जातो, माणूस जिथे राहत होता तिथे नाही. तुमच्या गावची बाई नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वारली तर नोंद नागपूरला. गावच्या रजिस्टरात उरतात ते घरी वारलेले, म्हणजे जास्त करून म्हातारे. जे तरुण किंवा मधल्या वयाचे अपघातानं, किडनीनं, कॅन्सरनं गेले, ते नेमके मोठ्या दवाखान्यात वारतात आणि गावच्या हिशोबातून गळतात. म्हणून फक्त ग्रामपंचायतीच्या वहीवरून काढलेलं चित्र "आमच्याकडे सगळे पिकल्या पानासारखे गळतात" असं दिसतं. ते खोटं आहे.

बेटांवर हाच घोळ आहे. गंभीर रुग्ण विमानानं परदेशी नेतात आणि त्यांतले काही तिथेच जातात. नौरूचे राष्ट्राध्यक्ष बर्नार्ड डोवियोगो मार्च २००३ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉशिंग्टनला वारले. असे मृत्यू शोधून देशाच्या यादीत घेतले नाहीत तर हृदयविकाराचेच आकडे खाली येतात.

उपाय दोन याद्यांचा. पहिली यादी ग्रामपंचायतीची. दुसरी आशाताईंनी घरोघर फिरून केलेली, आणि ती पहिली न बघता केलेली. हे फार महत्त्वाचं. बघून केली तर ती नक्कल होते आणि पुढचा हिशोब पडतो. प्रश्न असा विचारायचा: "मागच्या दिवाळीपासून या घरात राहणारं कोणी वारलं का, इथे किंवा बाहेर कुठंही?" "कुठंही" हा शब्द गाळू नका.

मग जुळवणी. नाव एकटं पुरत नाही. वहीत "सुभद्राबाई" असते आणि घरी "शेवंताची माय" सांगतात. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, वय पाच वर्षं इकडेतिकडे आणि महिना, यांतलं तीन जुळलं की एकच माणूस धरा.

समजा वहीत ३० आहेत, आशाताईंकडे २८ आणि दोन्हींत मिळून येणारे २४. मग ३० गुणिले २८ भागिले २४, म्हणजे खरे मृत्यू सुमारे ३५. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर नावं मिळतात ३४, म्हणजे एखादा मृत्यू दोन्हींतून निसटला. हे चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचं १९४९ चं सूत्र आहे, कलकत्त्याजवळ सिंगूरला वापरून पाहिलेलं. एक सावधगिरी: जन्मून काही तासांत गेलेलं बाळ दोन्ही याद्यांतून एकदमच सुटतं आणि सूत्राला ते कळत नाही. त्यासाठी गरोदर मातांच्या नोंदीतली प्रत्येक बाई शेवटपर्यंत तपासा.

"गावचा" कोण, हे आधी ठरवून लिहून ठेवा. सहा महिन्यांहून जास्त इथे राहणारा, असा नियम चालतो. तोच नियम लोकसंख्या मोजताना लावा. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक वारली तर ती सासरच्या गावच्या हिशोबात, पण मातामृत्यूची खबर दोन्हीकडे गेली पाहिजे.

दवाखाना_रोजचा

कारणाबद्दल. "हृदय बंद पडलं", "श्वास थांबला" हे कारण नव्हे, ते मरणंच झालं. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे नमुना ४ मध्ये (घरी वारलेल्यासाठी नमुना ४अ) पहिल्या भागात साखळी लिहायची असते. वरच्या ओळीत शेवटी काय झालं, खाली ते कशामुळे, त्याच्याखाली ते कशामुळे. उदाहरणार्थ: (अ) फुप्फुसात पाणी, २ दिवस, (ब) किडनीचा जुनाट आजार, ३ वर्षं, (क) टाइप २ मधुमेह, १४ वर्षं. दुसऱ्या भागात उच्च रक्तदाब. आकडेवारीत जायला हवा तो मधुमेह, कारण सुरुवात तिथून. डॉक्टरनं फक्त "किडनी फेल" लिहिलं की मधुमेह गायब झाला.

नौरूचा धडा इथेच आहे. फॉस्फेटच्या खाणींच्या पैशाबरोबर बाहेरचं डबाबंद खाणं आलं, अंगमेहनत गेली, आणि १९७५-७६ च्या पाहणीत प्रौढांत सुमारे तिघांत एकाला मधुमेह निघाला. दाखल्यांवर मात्र हृदय, किडनी, पायाची जखम चिघळणं असं वेगवेगळं येऊ शकतं. साखळी खालपर्यंत वाचली नाही तर एकाच मुळाचे मृत्यू चार रकान्यांत विखुरतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर दवाखान्यानं कारणाच्या दाखल्याची प्रत नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. मयत घेऊन निघण्याच्या धांदलीत ती मागायची राहते. रुग्ण रेफर होतानाच घरच्यांच्या कानावर घाला.

घरी वारलेल्यांसाठी तोंडी विचारपूस. तेरवी होऊ द्या, पण सहा महिन्यांच्या पुढे जाऊ नका. तपशील पुसट होतात. आजारपणात ज्यानं केलं, त्याच्याशी बोला. बहुतेक वेळा ती सून किंवा बायको असते, आणि ओसरीवर बोलायला पुढे होतो घरातला कर्ता माणूस. आधी त्यांच्या शब्दांत सगळं सांगू द्या, मध्ये तोडू नका. मग प्रत्येक लक्षण किती दिवस होतं ते विचारा: ताप, दम, सूज, छातीत दुखणं, लघवी कमी होणं, वजन उतरणं, गिळता न येणं. शेवटी खुंटीला टांगलेली प्लास्टिकची थैली मागा. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, शुगरचे रिपोर्ट, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. मेटफॉर्मिनची (मधुमेहाच्या गोळ्यांची) पट्टी कितीतरी वेळा सगळ्या सांगण्यापेक्षा जास्त बोलते.

आपल्या भागात मुद्दाम विचारायच्या गोष्टी:

"रात्री धडधाकट झोपला आणि पहाटे गेला, अटॅक आला" असं सांगितलं आणि महिना पावसाळ्याचा असेल, तर जमिनीवर झोपला होता का ते विचारा. पहाटे पोटात कळ, उलटी, पापण्या जड होणं, बोलणं तुटक होणं, गिळता न येणं असं काही होतं का? मण्यार चावली तर सूज नसते, खूणही धड दिसत नाही. असे मृत्यू सर्रास हार्ट अटॅकमध्ये जातात आणि मग सर्पदंश कमी झाला असं वाटतं.

फवारणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, वावरातून आल्यावर मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या का? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. फवारताना झालेली विषबाधा (आयसीडी-१०, म्हणजे आजार आणि मृत्यूकारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड एक्स४८) आणि स्वतः घेतलेलं विष (एक्स६८) वेगळं लिहायचं असतं. दोन्ही "विषबाधा" म्हणून एकत्र टाकले तर हातमोजे-मास्क हवेत की मानसिक आधार आणि कर्जाचा प्रश्न बघायचा, हेच कळत नाही. त्या घरी विचारपूस एकांतात करा. शेजारीपाजारी बसलेले असताना खरं उत्तर येत नाही आणि घरच्यांना त्रास होतो तो वेगळाच.

मे महिन्यात वारलेल्यासाठी: दुपारी कुठे होता, अंग तापलेलं पण कोरडं होतं का, बरळत होता का. तरुण वयात वारंवार सांधेदुखी, कावीळ आणि रक्त चढवल्याचा इतिहास असेल तर सिकलसेलचं कार्ड मागा. तोंडाच्या कॅन्सरसाठी खर्रा किती वर्षं आणि दिवसाला किती, दोन्ही लिहा.

"म्हातारपण" पूर्ण बंद करता येणार नाही. पण शंभरात किती जण "म्हातारपण", "हृदय बंद" आणि "कारण माहीत नाही" यांत पडले, हा आकडा दरवर्षी काढा. तो खाली येत असेल तर बाकीचे आजार "वाढलेले" दिसतील, आणि ती वाढ आजाराची नसून नोंदीच्या सुधारणेची असेल.

पैनगंगा_काठ

आकड्यांचं बघू. समजा पाच हजार लोकांत ३० मृत्यू झाले. दर हजारी ६. आता ३० चं वर्गमूळ साधारण साडेपाच, त्याची दुप्पट ११. म्हणजे काहीही बदललं नसताना निव्वळ योगायोगानं हा आकडा १९ ते ४१ मध्ये कुठेही पडू शकतो, दर ३.८ ते ८.२. पुढच्या वर्षी ४० झाले तर गावात बोंब होईल, पण फरक १० चा आहे, आणि ३० अधिक ४० यांच्या वर्गमूळाची दुप्पट जवळजवळ १७ येते. १० हे १७ पेक्षा कमी, म्हणून एवढ्यावरून वाढ झाली म्हणता येत नाही.

पाच वर्षं एकत्र करा: १५० मृत्यू, २५ हजार माणूस-वर्षं (पाच हजार माणसं गुणिले पाच वर्षं). दर तोच ६, पण पट्टा आता ५ ते ७. लहान बेटांचे कल असे तीन-पाच वर्षांचे गठ्ठे बांधूनच काढतात. एकेका कारणासाठी तर पाच वर्षंही कमी पडतात. पाच वर्षांत तोंडाच्या कॅन्सरचे ६ मृत्यू असतील तर सरळ "६" लिहा, दर काढू नका. दराला दशांश चिन्ह लागलं की लोकांना तो पक्का वाटतो. कारणांचा दर पाहिजेच असेल तर पूर्ण पीएचसी किंवा तालुका घ्या.

"एकूण मृत्यूंत हृदयविकार ४० टक्के" अशी वाटणीही फसवते. बालमृत्यू घटले की उरलेल्यांची टक्केवारी आपोआप फुगते.

सातपुडा_पायथा

वरचं बरोबर आहे, पण एक जोडतो, कारण "आकडे लहान आहेत" म्हणून फाईल बाजूला ठेवणारे खूप आहेत. पाच वर्षांचा गठ्ठा कल बघायला. साथ ओळखायला आठवड्याची नजर लागते.

पॅसिफिकमधलाच सामोआ देश घ्या. दोन लाख लोकसंख्या. जुलै २०१८ मध्ये दोन बाळांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस विरघळवताना पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि दोन्ही बाळं गेली. लसीकरण काही महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला. २०१९ च्या शेवटी गोवर आला: ५,७०० च्या वर रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची. डिसेंबरात दोन दिवस सगळं बंद ठेवून पथकं घरोघर गेली. लस राहिलेल्या घरांनी दारासमोर लाल कापड बांधायचं होतं. पाच वर्षांची सरासरी काढत बसलो तर असं मरण एका उंचवट्यात विरून जातं.

म्हणून यादीत तारीख, वय आणि पाडा हे तीन रकाने कधीच रिकामे नको. एका पाड्यावर पंधरा दिवसांत सारख्या लक्षणांचे दोन मृत्यू झाले तर वर्गमूळ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पीएचसीला फोन करा. आणि गोवर-रुबेलाची लस विरघळवताना त्याच कंपनीचं, कुपीसोबत आलेलं द्रावण, २४ तास आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या फ्रिजमध्ये) थंड केलेलं, लेबल मोठ्यानं वाचून; कुपीवर वेळ लिहायची आणि ४ तासांनंतर फेकायची. फ्रिजमध्ये लसीच्या शेजारी दुसरं कोणतंही औषध ठेवायचं नाही.

मोहफूल

सगळ्यांचे आभार. दोन याद्यांचं काम या महिन्यातच सुरू करतो. एक अडचण: वयं फार गोल येतात, ६०, ६५, ७०. आणि आमची पोरं पुण्या-नागपूरला गेलेली, गावात म्हातारेच जास्त. मग दर जास्त दिसणारच ना?

पैनगंगा_काठ

दिसणारच. नौरूत उलटं आहे: लोकसंख्या तरुण, म्हणून ढोबळ मृत्यूदर (सगळी वयं एकत्र धरून काढलेला) साधारण दिसतो, पण प्रौढ वयातले मृत्यू इतके की पुरुषांचं सरासरी आयुर्मान दीर्घकाळ साठीच्या आतच राहिलं. मधुमेह-हृदयविकाराबरोबर तरुण पुरुषांचे रस्ते-अपघात हेही मोठं कारण. शिवाय खाणीवर किरिबाती-तुवालूचे धडधाकट कामगार होते. त्यांना लोकसंख्येत मिसळलं की दर आणखी खाली येतो.

म्हणून ढोबळ दर सोडा, १५ ते ५९ वयोगट वेगळा काढा. त्या वयाचे पाच वर्षांतले मृत्यू भागिले त्याच वयाची माणूस-वर्षं, पुरुष आणि बाया वेगळे. ग्रामसभेला या एका आकड्यातून जास्त कळेल.

वयासाठी आधारवर विसंबू नका. १ जानेवारी जन्मतारीख दिसली की ती अंदाजे टाकलेली समजा. शाळेचा दाखला बघा. तो नसेल तर पहिल्या मुलाचं वय आणि लग्नाच्या वेळचं वय यांवरून काढा. ५८ चा माणूस "साठ" लिहिला गेला तर तो या गटातूनच निघून जातो, म्हणून ५५ ते ६५ मधलं प्रत्येक वय दोनदा तपासा.

टिपवही

ग्रामसभेत मांडताना एक पाळा. पाच हजारांच्या वस्तीत "एचआयव्ही: १" किंवा "आत्महत्या, स्त्री, २०-२४: १" एवढं लिहिलं की सगळ्यांना नाव कळतं. पाचपेक्षा कमी आकडे मोठ्या गटात मिसळा. नावांची यादी उपकेंद्राच्या कपाटात, कुलपात.